तुंगाकाकूंची चार मिनिटं

माझी जीभ तिखट आहे आणि नाक जरा वरच असतं, हे आधीच कबूल करते. नवऱ्याच्या नोकरीपायी साताऱ्याहून म्हैसूरला येऊन मला अठरा वर्षं झाली. जयलक्ष्मीपुरमला आमचं घर, आणि घरापेक्षाही जास्त जीव मी जिथे ओतला ते आमचं मराठी मंडळ. मी त्याची चिटणीस. कार्यक्रम ठरवायचे मी, निवेदन माझं, मोबाइलवर चित्रण माझं, आणि नंतर काटछाट करून मंडळाच्या चॅनेलवर टाकायचं तेही मीच. कुणी "जयवंतीबाई, किती करता हो!" म्हटलं की मला मूठभर मांस चढायचं.

सांगायचंय ते सत्यनारायणकाकांबद्दल. माझं मध्ये मध्ये येईल, कारण त्यांच्या वाटेत मीच आडवी आले.

काका इथल्याच जुन्या अग्रहार भागातले. चार पिढ्या तिथेच. विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांनी छत्तीस वर्षं फाटकी पुस्तकं बांधून दिली. निवृत्त होऊनही नखांच्या कडेला वाळलेली खळ असायचीच, कारण गल्लीतल्या पोरांची पुस्तकं अजून त्यांच्याकडेच येतात. मंडळाच्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला पहिले आणि उचलायला शेवटचे तेच. स्टेजवर कधी चढले नाहीत. त्यांची मराठी घरातली, निम्मी कानडीत भिजलेली. "स्वल्प थांबा की मेडम," असं ते म्हणायचे आणि मी मनातल्या मनात दुरुस्त करायचे, "थोडं थांबा." त्यांच्या पत्नी तुंगाकाकू तर तोंडच उघडत नसत. माझ्यासमोर तर नाहीच.

गेल्या मराठी दिनाला मात्र काका म्हणाले, "तुंगा पाळणा म्हणते मेडम. तिच्या आजीच्या आजीचा. एक चान्स द्या की." दिला. सातारा-पुण्याकडून पाहुणे बोलावलेले होते, मी पैठणी नेसून मिरवत होते. काकू माइकसमोर उभ्या राहिल्या, पदर दोन्ही हातांत धरून. आवाज थोडा घोगरा, पण सुरात. "नीज गं सोन्या, मलगो कंदा," असा तो पाळणा; मलगो कंदा म्हणजे झोप बाळा. एक ओळ मराठी, तर दुसरी कानडीकडे कललेली. मागच्या रांगेतल्या पोरांनी खुसखुस केली. पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. गाणं संपल्यावर काकूंनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि माइकमध्येच म्हणाल्या, "आय्तु!" म्हणजे, झालं. सगळा हॉल हसला. मीही हसले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं.

आठवड्याने व्हिडिओ जोडायला बसले तेव्हा ती चार मिनिटं मी कापून टाकली. मराठी दिनाला हे कसलं कडबोळं, लोक काय म्हणतील, असा माझा हिशेब. माझं स्वतःचं भाषण, 'आपली भाषा जपा' म्हणून केलेलं, चौदा मिनिटांचं, ते मात्र अख्खं ठेवलं. फोन भरला होता म्हणून मूळ चित्रणही पुसलं.

मार्चच्या मध्याला काका सायकल दामटत घरी आले. "मेडम, तो व्हिडिओ फोनात घालून द्या. नेट नसलं तरी दिसतो म्हणे तसं. आम्ही प्रार्थनाकडं जाणार." प्रार्थना त्यांची एकुलती एक मुलगी, पिरियापट्टणच्या पुढे तंबाखूच्या शेतात घर. पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. "तिथं घरात नेटवर्क नाही, अंगणात स्वल्प येतं. बाळाला आजीचा पाळणा ऐकवायचा. तुंगाला आता गायला येईना, घसा धरलाय."

मला वाटलं, सर्दी असेल. आणि खरं सांगू? तोंडाशी आलेलं मी गिळलं. "काका, ते मी काढलंय," एवढं चार शब्दांचं वाक्य. त्याऐवजी त्यांचा फोन घेतला, डाउनलोडचं बटण दाबलं आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "घ्या. आता जंगलात गेलात तरी दिसेल." ते हात जोडून गेले. बघतील तेव्हा बघतील, असं म्हणून मी भाजी चिरायला घेतली.

दहा दिवसांनी परत दारात. "मेडम, अर्धाच उतरलाय. तुमचं भाषण आलं, पोरींचा नाच आला. तुंगाचं येईना."

तेव्हा तरी बोलायचं. पण नाही! माणूस एकदा खोटं बोलला की त्याला दुसरं खोटं हाताशीच सापडतं. मी त्यांच्या फोनमधली, जागा भरत आल्याची लाल पट्टी दाखवली आणि म्हटलं, "फोन भरलाय काका तुमचा. जागा नसली की असं तुटतं." असं काही नसतं. जागा नसेल तर व्हिडिओ उतरतच नाही, मधली चार मिनिटं गाळून कुठला उतरतोय! आणि त्याहून वाईट म्हणजे पुसलेलं चित्रण माझ्या फोनच्या कचरापेटीत महिनाभर राहतं, हे मला ठाऊक होतं. मंडळातल्या बायकांना मीच शिकवलं होतं ते. त्या दिवशी पंचविसावा दिवस होता. पेटी उघडायची, बोट लावायचं, परत आणायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण मग 'कापलं होतं' हे सांगावं लागलं असतं ना.

एप्रिलात ते तिसऱ्यांदा आले. या वेळी पाणीसुद्धा नको म्हणाले. फोन पुढे केला. "जागा केली मेडम. सगळे फोटो काढून टाकले. प्रार्थनाच्या लग्नाचे, माझ्या रिटायरमेंटचे, उडुपीला गेलो होतो ते. तुंगा पडल्या पडल्या सांगायची, हा जाऊ दे, हा पण जाऊ दे. आता उतरेल अल्वा, होय ना?"

"पडल्या पडल्या म्हणजे?" मी विचारलं.

"ऑपरेशन झालं की, मागच्या सोमवारी. घशात गाठ होती. आवाजाची पेटीच काढली डॉक्टरांनी. जीव राहिला, पर्वागिल्ला, तेवढं बरं. पण आवाज आता नाही." आणि मग माझी समजूत काढावी तसे म्हणाले, "म्हणून तो व्हिडिओ पाहिजे होता. दुसरीकडं कुठं तिचा आवाज ठेवलेला नाही."

तरी जीभ चाललीच, "सर्व्हरचा घोळ असेल काका, बघते मी." ते वळणावर दिसेनासे झाले तशी मी धावत आत येऊन कचरापेटी उघडली. रिकामी. स्वच्छ. एक्केचाळिसावा दिवस होता. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मी हमसाहमशी रडले आणि स्वतःला नाही नाही ते बोलले. शुद्ध मराठीत.

त्यानंतर दोन महिने मी तोंड चुकवलं. अग्रहारातून जायचं तर लांबचा रस्ता घ्यायचा. काकांचा फोन आला की वाजू द्यायचा. जूनमध्ये निरोप आला, प्रार्थनाला मुलगी झाली होती, आता दोन महिन्यांची आहे, पाळण्यात घालायचा कार्यक्रम काकूंच्या तब्येतीसाठी थांबवला होता, तो रविवारी आहे, मेडमनी यायचंच. मेडमनी! मनाची नाही तर जनाची तरी ठेवावी, म्हणून गेले.

बस पिरियापट्टणला पोचेपर्यंत मी काय काय बोलायचं ते फोनवर लिहून काढत होते. पुढे रिक्षाने शेताकडे वळले आणि नेटवर्क गेलं. घरात सात-आठ माणसं होती. पाळणा फुलांनी सजवलेला. काकू पाळण्याशेजारी बसलेल्या, गळ्याभोवती पांढरा पातळ रुमाल. मला बघून उठल्या, माझे दोन्ही हात धरले आणि स्वतःच्या बाजूला बसवलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी तिथेच, सगळ्यांसमोर बोलले. लिहिलेलं एक अक्षर आठवलं नाही. "काका, तुमचा फोन चांगला होता. जागा होती. मीच काकूंचं गाणं कापलं. मला लाज वाटली होती त्या भाषेची. आणि तुम्ही दोनदा आलात तेव्हा ते परत आणता येत होतं, तरी मी आणलं नाही. आता ते कुठेच नाही."

प्रार्थनाने तोंड फिरवलं. काका मात्र पाळण्याची दोरी सारखी करत म्हणाले, "ठाऊक होतं मेडम."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी बघितला तेव्हा. छत्तीस वर्षं तेच केलं की. पान गळालेलं वेगळं, कापलेलं वेगळं. कापलेलं असलं की बोटाला कळतं."

"मग फोटो का पुसलेत हो काका? तीनदा का आलात?"

"तुंगाला काय सांगू? फोन लहान आहे म्हणून सांगितलं. ती म्हटली, जागा कर." त्यांनी दोरीची गाठ ओढून बघितली. "आणि मला वाटलं, तुम्ही ठेवलं असेल कुठंतरी. बाइंडर कापलेला कागद टाकत नाही मेडम. दुसऱ्या पुस्तकाला होतो."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी निभावून नेलं असतं. रागाला उत्तर द्यायची मला सवय आहे. पण ते एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तसं सांगत होते, आणि मी मान खाली घालून पैठणीचा काठ बघत होते. तीच पैठणी नेसून आले होते, मूर्खासारखी.

काकूंनी माझ्या हनुवटीला हात लावला. मग उशाखालची एक वही काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि पाळण्याकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, "पाळणा लिहून ठेवलाय तिनं. मला सूर नाही, प्रार्थनाला पाठ नाही. तुम्ही म्हणा म्हणते."

वही उघडली. पाळणा निम्मा मराठी, पण अक्षरं सगळी कानडी. अठरा वर्षं झाली मला या गावात. भाजी घेते, बसच्या पाट्या अंदाजाने ओळखते. कानडीचं एक अक्षर मला वाचता येत नाही, आणि मी स्टेजवर उभी राहून लोकांना भाषा शिकवते.

"वाचता येत नाही मला," मी म्हटलं. एवढं खरं बोलायला त्या दिवशी मला वेळ लागला नाही.

मग काका एकेक ओळ वाचत गेले आणि मी त्यांच्यामागे म्हणत गेले. 'मलगो' म्हणताना जीभ अडखळली. भोवतीच्या बायका खुसखुसल्या. काकांनी परत वाचलं, मी परत म्हटलं. काकू मांडीवर बोटांनी ठेका धरून होत्या, सूर चुकला की बोट थांबायचं. चार मिनिटांच्या पाळण्याला आम्हाला अर्धा तास लागला. पोरगी कधीच झोपली होती.

शेवटची ओळ संपली. काकूंनी काकांचा फोन हातात घेतला. मला काही कळेना. प्रार्थना पहिल्यांदाच माझ्याशी बोलली, जरा कोरडंच. "तुमच्या व्हिडिओत पोरींचा नाच सुरू व्हायच्या आधी अम्माचा एक शब्द राहिलाय. तुमच्याकडून कापायचा राहिला. तेवढा मी वेगळा करून फोनात ठेवलाय. घरात तीच एक वस्तू आहे अम्माच्या आवाजाची. जेवण झालं का, औषध घेतलं का, सगळ्याला ती तेच दाबते."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, हसल्या, आणि बटण दाबलं. मागे आमच्या हॉलचं हसणं होतं, त्यात माझंही. त्या हसण्याच्या पुढे, घोगरा, सुटल्यासारखा त्यांचा आवाज आला, "आय्तु!"