भिंतीकडे तोंड करून चाखलेला रस

रत्नागिरीत मला ज्या बाईने सांभाळलं तिला मी चाची म्हणते, हे आधी सांगते आणि मग बाकीचं. तिला सगळेच चाची म्हणतात. राजिवड्याकडे तिचं कौलारू घर आहे, मागच्या पडवीत तीन मोठ्या शेगड्या आहेत आणि तिथून लग्नाच्या, साखरपुड्याच्या जेवणांच्या ऑर्डरी जातात. तिने मला काम दिलं, तापात पडले तेव्हा खोलीवर पेज पाठवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात टेबलाशी बसवून जेवू घातलं. एकदा नाही, वर्षभर, दर गुरुवारी. तिचे उपकार मी आता मानते. तेव्हा मात्र दर घासाला वाटायचं, ही बाई माझ्यावर काहीतरी डाव टाकते आहे.

मी मंगळवेढ्याकडची. सातवीनंतर शाळा सुटली, कारण आठवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि घरात धाकटी भावंडं होती. नवरा हायवेच्या कामावर डंपर चालवतो. काम लांज्याच्या पुढे सरकलं तसा तोही सरकला आणि मी रत्नागिरीत खोलीवर एकटी राहिले. इथली हवा ओली, माती तांबडी, बोलणं असं हेल काढून की राग आहे की गंमत तेच कळू नये. ओळखीचं कुणी नाही. हे काम गेलं तर दुसरं कोण देणार, ही भीती उशाला घेऊनच मी झोपायची.

पहिल्या दिवशीची गोष्ट. चाचीने मला चहा दिला आणि समोर बसून मी पिताना बघत राहिली. चहाला जरा आंबूस चव होती. मी गुमान पीत होते. अर्धा कप झाला तशी तिने तो माझ्या हातातून काढून घेतला, मोरीत ओतला आणि म्हणाली, "उद्यापासून ये. भाकऱ्या जमतील तुना." प्यायला दिलेला चहा काढून कोण घेतं? मी खोलीवर जाईपर्यंत तेच घोकत होते.

गुरुवारी ऑर्डरी कमी असायच्या. त्या दिवशी दुपारी चाची बुरखा चढवून तयार. "चल गो, बाहेर जेवू." आमच्या गावाच्या मानाने रत्नागिरी म्हणजे मोठं शहरच. इथे साऱ्या मुलखांची माणसं हॉटेलं टाकून बसली आहेत, हे मला चाचीमुळे कळलं.

पहिल्यांदा गेलो ते स्टँडजवळच्या उडुपी हॉटेलात. मेनूकार्ड इंग्रजीत होतं, ते मी धांदलीत उलटं धरलं होतं हे मला वेटर हसला तेव्हा समजलं. चाचीने इडली सांगितली, पण तिचं लक्ष सांबाराकडे. वाटी नाकापर्यंत नेली, तशीच धरून ठेवली, मग माझ्यापुढे सरकवली.

"चाख. कसं हाय?"

"ब्येस हाय."

"हिंग किती घातलाय?"

"बरोबर हाय."

"मीठ?"

"ब्येस हाय, चाची."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत नव्हे, तोंडाकडे. मला वाटलं, ही परीक्षा आहे. मी किती हावरटासारखी खाते ते बघते, नाहीतर किती मिजास करते ते. आमच्याकडे ताटातल्या अन्नाला नाव ठेवत नाहीत. लहानपणी एकदा भाजीत मीठ नाही म्हणाले तर आईने पाठीत धपाटा घातला होता, आणि नंतर स्वतः गुपचूप भाजीत मीठ टाकलं होतं. तेव्हापासून माझं उत्तर ठरलेलं. कुणी जेवू घातलं की ब्येस हाय.

पुढच्या गुरुवारी एका केरळवाल्याकडे. तिथे सगळं खोबरेल तेलात. पहिला घास घेतला आणि वाटलं, न्हाऊन वेणी घालायच्या तेलातच भात कालवलाय. तरी म्हणाले, "ब्येस हाय." चाची खुदकन हसली. "बरं बरं. समजलं मना." काय समजलं? आठवडाभर भाकऱ्या थापताना मी तेच उगाळत होते.

मग एका नेपाळी नवराबायकोची चायनीजची गाडी. तिथे मी ठसकले, डोळ्यांतून पाणी आलं. चाचीने व्हिनेगरची बाटली उघडून नाकाला लावली आणि कितीतरी वेळ धरली. ती नेपाळी बाई घाबरली. "आंटी, ये पीने का नहीं है!" चाची म्हणाली, "मालूम है गं बाई," आणि बाटली ठेवून दिली. उतरलेल्या तोंडाने. एकदा मालवणी खानावळीत नेलं. मी मासे खात नाही हे माहीत असून बांगड्याच्या कालवणाचा एक थेंब तरी जिभेवर ठेवच म्हणाली, आणि तिरफळाने जीभ बधिर झाली का ते दोनदा विचारलं.

बहिणीला फोनवर हे सगळं सांगायची मी. ती काळजीने अर्धी व्हायची.

"अगं, मालकीण कामवालीला हाटेलात नेती व्हय कुठं? सही-बिही घेईल कशावर."

"सातवी शिकलेलीची सही घेऊन काय करंल?"

"मग किडनी. काढत्यात म्हनं आजकाल."

"हाटेलात?"

"आधी खाऊपिऊ घालून तब्येत करत्यात, मग."

मी हसले खरी, पण त्या रात्री कुशीवर हात ठेवून झोपले.

घरी काम करतानाही मी चाचीवर नजर ठेवायला लागले. चाळीस वर्षं स्वयंपाक करणारी बाई, पण मीठ घालायची चमच्याने मोजून. आमच्यात नवी नवरीसुद्धा मुठीने घालते. एकदा दुधाचं पातेलं तिच्या शेजारी होतं, तळाला लागून करपत होतं, वास पार अंगणात आला तरी ही तिथेच कांदा चिरत बसलेली. मी धावत आले. "चाची, दूध!" तिने दचकून गॅस बंद केला. "अगो हां. सांगायचं ना." मी मनात म्हटलं, मुद्दामच सोडलं असणार. माझं लक्ष कामात आहे का बघायला.

आणि एक गोष्ट मी पक्की हेरली होती. मी काही चाखलं की ती माझ्या तोंडाकडे बघते. मी काय बोलते ते तिच्या कानावर पडतही नाही, नुसतं तोंड बघते. म्हणजे माझ्या चेहऱ्यावर तिला काहीतरी सापडत होतं. मग मी चेहरा लपवायला शिकले. मान खाली घालून चाखायचं, पदर ओठांशी धरायचा. एकदा ती म्हणालीसुद्धा, "वर बघ गो जरा." मी म्हटलं, "डोळ्यात काय तरी गेलंय."

आरे-वारेच्या वाटेवरच्या एका गावातली साखरपुड्याची ऑर्डर आली ती यानंतर. दीडशे पानं. मटण, सांदणं आणि सांदणांबरोबर नारळाचा गोड रस. सांदण म्हणजे तांदळाचा वाफवलेला गोल, मऊ, सच्छिद्र वडा, रस असा पितो की बघत राहावं. चाचीला ही ऑर्डर फार मोलाची होती. चाचा वारल्यापासून घर या शेगड्यांवर चालत होतं, आणि हे जेवण आवडलं तर लग्नाचं जेवणही तिच्याकडेच द्यायचं असं त्यांनी कबूल केलं होतं.

नारळ फोडायला, वाटायला शेजारच्या दोघी आल्या होत्या. घाईत एखादा नासका नारळ वाटणात गेला असावा. रस पिळून, गूळ वेलची घालून झाला तेव्हा चाचीने पळीभर रस वाटीत काढून मला दिला.

"चाख. नीट चाख आज."

ती समोर उभी राहिली, हात पुसत, नजर माझ्या तोंडावर. मी म्हटलं, आज ही मला पकडणारच. मी वाटी घेतली, वळले आणि भिंतीकडे तोंड करून रस तोंडात घेतला.

घशाला साबण लागावा तसं झालं. वेलचीच्या मागून खवट, कडवट. माझं तोंड केवढं वाकडं झालं ते त्या भिंतीलाच ठाऊक. एक क्षण वाटलं, सांगावं. मग वाटलं, चाळीस वर्षं ही रस करते, हिला कळणार नाही होय? इकडच्या लोकांचा रस असाच असेल. किंवा हिला बघायचं असेल, सातवी शिकलेली ही पोर आपल्या हाताला नाव ठेवते का. मी तोंड सरळ केलं आणि वळले.

"ब्येस हाय, चाची."

"नक्की?"

"नक्की."

डबे टेम्पोत चढले. दोन तासांनी फोन आला.

चाची मला घेऊन रिक्षाने गेली. मांडवात पंगत बसली होती, मटण-सांदणं वाढून झाली होती. रसाची दोन्ही पातेली मागच्या अंगणात झाकून ठेवलेली. नवरीची आत्या कमरेवर हात ठेवून उभी.

"चाची, तुमच्या हातचं म्हणून आम्ही दुसरीकडे विचारलंसुद्धा नाही. हे माणसांना द्यायचं? पाठवण्याआधी चाखलं नाही कुणी?"

मी चाचीच्या मागे सरकले. आता ही बोट दाखवणार. दाखवलं तर चूक नव्हतीच तिची.

"चाखलं," चाची म्हणाली.

"कुणी?"

"मी केलेलं जेवण हाय. चूक माझी. सगळ्यांची माफी मागते मी."

तिने खरंच मागितली. आत्याची, नवरीच्या वडिलांची, पंगतीत वाढणाऱ्या पोरांचीसुद्धा. मग आम्ही दोघींनी तो रस त्यांच्या परसात माडाच्या बुंध्याशी ओतला. लग्नाचं जेवण दुसरीकडे गेलं. येताना रिक्षात ती समुद्राच्या बाजूला बघत बसली होती, आणि मी तिच्या शेजारी, जीभ चावून.

गुरुवारी ती म्हणाली, "चल. बाहेर जेवू."

मी समजले. जेवू घालून काढणार. चांगल्या घरची बाई, उपाशीपोटी कुणाला घालवणार नाही.

कुवेतहून परत आलेल्या कुणीतरी नवंच काढलेलं मंदीचं, म्हणजे अरबी मटण-भाताचं, हॉटेल होतं. जमिनीवर गालिचा, मध्ये एकच मोठं थाळं, त्यात पिवळा भात आणि वर मटण. दोघींनी एकाच थाळ्यातून जेवायचं. माझा हात पुढे होईना.

"ह्यात निखारा ठेवतात," चाची म्हणाली. "वर तूप सोडतात आणि झाकतात. धुराचा वास आतपर्यंत जातो. चाचा कुवेतला होते तेव्हा मी दोन वर्षं तिथं होते, रोज खायचे. येतोय वास?"

"येतोय."

"कसा येतोय?"

असं कुणी विचारतं का? मी वर बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, नेहमीसारखीच, तोंडाकडे. आणि मला एकदम चहाचा कप आठवला. करपलेलं दूध. नाकाला लावलेली ती बाटली.

"चाची, तुम्हाला नाही येत?"

तिने भाताचं एक शीत बोटाने उचललं आणि परत ठेवलं.

"कोरोनात गेला तो परत नाय आला. सगळ्यांना आला, मना नाय. खारट-गोड तेवढं कळतं थोडं. कुणाला सांगू? कळलं तर ऑर्डर देईल कोण? भाचीला चाखायला लावलं, ती म्हणायची मस्त मस्त. शेजारणी म्हणायच्या मस्त. तू पहिल्या दिवशी तो चहा प्यायलीस, दूध आंबलेलं होतं, मना काय माहीत! तू बोलली नायस, पण तोंड असं केलंस..." तिने माझी नक्कल केली, नाकपुड्या फुगवून, एक डोळा बारीक करून. एवढ्या टेन्शनमध्येही मला हसू फुटलं. "म्हटलं, ही बाय सांगत नाय, पण हिचं तोंड खोटं बोलत नाय. ठेवून घेतली."

"आणि हॉटेलं?"

"वाटायचं, हिंग तरी येईल. सिरका तरी येईल. खोबरेल, तिरफळ, काहीतरी एक. एकटीने जाऊन बसायला धीर नाय होत."

मी तिला सगळं सांगितलं. भिंत, पदर, किडनीसुद्धा. किडनीवर ती एवढी हसली की पलीकडच्या गालिच्यावरची मंडळी वळून बघायला लागली. मग तिने तिच्या बाजूचा मटणाचा मऊ तुकडा थाळ्यात माझ्याकडे सरकवला.

"आता सांग. कसं हाय?"

मी चाखलं. मान वर करून, पदर सोडून. आणि त्या धपाट्यानंतर पहिल्यांदा ताटातल्या अन्नाला नाव ठेवलं. म्हणाले, "मटण चांगलं हाय, पण भात कालचा असंल. आणि धूर जरा जास्तच, चुलीत ओलं लाकूड घातल्यावानी." ती डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "ओलं लाकूड. हां. आठवलं."

त्यानंतर शेगड्यांवरचं प्रत्येक पातेलं मी चाखते, तिच्यासमोर उभं राहून. ती ऑर्डर गेली ती गेलीच. साखरपुड्याच्या त्या घरासमोरून जाताना माझी मान अजून खाली जाते. चाचीने तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. तिने काढावा असं मला कधीकधी वाटतं.

थंडीत तिला आमच्याकडे न्यायचं मी ठरवलंय. अजून तिला बोलले नाही, शेगड्या बंद ठेवून ती चार दिवस येईल का कोण जाणे. पण नेणार. शेतात आगटी पेटवून हुरडा भाजायचा, आईच्या हातची गरम भाकरी, वर लसणाची चटणी. तिला वास येणार नाही. मी तिच्यासमोर बसेन आणि दाण्याचा दूधट वास, राखेचा, भाकरीच्या करपल्या कडेचा, एकेक घासाचं सगळं खरं खरं सांगेन, तिचं पोट भरेपर्यंत. आईने पुन्हा धपाटा घातला तरी चालेल.