चारही गिअर मागे

बाबा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या खात्यातल्या मुलांनी त्यांना शाल, नारळ आणि स्टिकरच्या तीन रिळा दिल्या. लाल, पिवळी आणि हिरवी. बाबा जन्मभर पिंपरीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला होते, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायचा त्यांना पगार मिळायचा. लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळं म्हणजे पुन्हा काम करा, हिरवं म्हणजे ओके. मुलांनी रिळा गमतीनं दिल्या होत्या. पण बाबांना गंमत कळत नाही. शाल कपाटात गेली आणि रिळा दुसऱ्याच दिवशी कामाला लागल्या.

आमटीच्या पातेल्याला लाल लागलं, मीठ जास्त म्हणून. माझ्या स्कूटरला पिवळं, ब्रेक सैल म्हणून. मला सांगून आलेल्या एका स्थळाच्या बायोडाटावर, मुलाच्या फोटोत बरोबर कपाळावर, पिवळं. "एकदम रिजेक्ट न्हाई, पण काम लागंल," बाबा म्हणाले. हिरवं आमच्या घरात फक्त एकदा लागलं, आईच्या पुरणपोळीच्या ताटलीला. ती ताटली आई अजून स्टिकर सांभाळून घासते.

मग काही महिन्यांनी रिळा थांबल्या. बाबा बाल्कनीत खुर्ची टाकून समोरच्या बांधकामाकडे बघत बसायला लागले. जेवायला हाक मारली की यायचे, वाढलेलं खायचे, परत खुर्चीत. एका रात्री आमटी एवढी खारट होती की मला घास गिळवेना. बाबांनी दोनदा वाढून घेतली आणि गप्प उठले. मी आईवर ओरडले, तर ती भांडी विसळत म्हणाली, "मुद्दाम केलती. म्हटलं, बघू तरी बोलायलेत का." मला त्या रात्री पहिल्यांदा भीती वाटली. खोट न काढणारे बाबा मला नको होते.

वाचवलं ते सोसायटीच्या चेअरमननी. पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीत, पार्किंगच्या कोपऱ्यात, बाबांची जुनी गाडी कव्हराखाली उभी होती. गोल दिव्यांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असलेली, माझ्याहून वयानं मोठी. इंजिन कधीचं जाम झालेलं. तिच्या बॉनेटमध्ये एका मांजरीचं बाळंतपण झालं होतं, तेवढीच काय ती उलाढाल. चेअरमननी नोटीस लावली की बंद वाहनं हलवावीत, नाहीतर भंगारात जातील. बाबा नोटीस घेऊन थेट त्यांच्या घरी गेले. आले तेव्हा कान लाल झाले होते आणि आवाज परत आला होता.

"दसऱ्याला सकाळी गाडी स्वतःच्या इंजिनावर बिल्डिंगला एक चक्कर मारून जाग्यावर आली पाहिजे. तर राहील म्हणतोय. न्हाईतर भंगारवाला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू काय बघायलीस? चाकणला गाड्यांच्या कंपनीतच हैस न्हवं?"

मी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांची कॉम्प्युटरवर चित्रं काढते. हातात पाना मी तोवर धरला नव्हता. पण गाडी गेली असती तर बाबा परत त्या खुर्चीत गेले असते, म्हणून मी हो म्हणाले.

पैसे आईनं दिले, म्हणजे नवा फ्रिज घ्यायचा राहू दिला. जुन्या फ्रिजचं दार लागत नव्हतं. बाबांनी त्याला गाडीचा जुना फॅन बेल्ट आवळून बांधला. त्यामुळे दूध काढायचं म्हणजे आधी पट्टा सोडायचा, आणि दर वेळी तो सटकून आईच्या हातावर बसायचा. आई त्या वेळी जे बोलायची ते मी इथं लिहीत नाही.

आरटीओत इंजिन बदलायचा अर्ज करून आम्ही कुदळवाडीच्या भंगारवाल्यांकडे गेलो. तिथं एका टेंपोचं डिझेल इंजिन मिळालं. त्यासोबत त्याच टेंपोचा गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल, म्हणजे मागची दोन चाकं ज्यावर फिरतात तो आडवा आस, असं सगळं एकगठ्ठा. गिअरबॉक्स स्वस्तात पडला, कारण त्याचा रिव्हर्स लागत नव्हता. मी तोंड उघडायच्या आत बाबांनी मला गप्प केलं.

"रिव्हर्स काय करायचाय? आपल्याला काय मागं जायचंय का?"

हे वाक्य मी जपून ठेवलं आहे.

पुढचे सगळे गुरुवार, म्हणजे माझ्या सुट्टीचे दिवस, पार्किंगमध्ये गेले. टेंपोचा गिअरचा दांडा खालून येत होता, म्हणून गाडीच्या तळाला भोक पाडलं. स्टिअरिंगजवळचा जुना दांडा काढायचं बाबांच्या जिवावर आलं, म्हणून तो शोभेला ठेवला. आई त्याला भाजीची पिशवी अडकवायची. स्टिकर पुन्हा सुरू झाले. माझ्या प्रत्येक नटबोल्टला पिवळं. मी एकदा वैतागून पिवळं स्टिकर त्यांच्या चष्म्याच्या काचेवर लावलं, तर ते काढून बघून म्हणाले, "वाकडं लावलंस."

बाबा आता जेवताना बोलायचे. फक्त ऑइल सीलबद्दल, पण बोलायचे. आईनं आमटीतलं मीठ पूर्वपदावर आणलं.

दसरा जवळ आला तसा मागचा ॲक्सल राहिला. टेंपोच्या ॲक्सलवर आमच्या गाडीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बसवायच्या, तर त्याला लोखंडी बैठका वेल्ड करून घ्याव्या लागणार होत्या. मापं घेऊन त्याचं चित्र मी काढलं. अगदी नीट, कंपनीत काढते तसं. त्या आठवड्यात मला ओव्हरटाइम होता, म्हणून कागद घेऊन बाबा एकटेच भोसरीला वेल्डरकडे गेले. वेल्डरनं बाबांनी सांगितलं तसं केलं. ॲक्सल घरी आला, आम्ही तो दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी गाडीखाली बसवला. मी गाडीखाली पडूनच विचारलं, "बाबा, ह्याचं तेल भरायचं झाकण वर का आलंय? बाजूला पाहिजे ना, जरा खाली?"

"टेंपोचं तसंच असतंय," बाबा म्हणाले. इतक्या ठामपणे की मी गाडीखालून बाहेर येऊन हात धुतले.

इंजिन आम्ही चालू करून बघितलं होतं. ते मोठ्यानं खोकायचं पण चालायचं. गाडी गिअरमध्ये टाकून मात्र बघितली नव्हती, कारण आईची अट होती की पूजा झाल्याशिवाय चाक हलवायचं नाही.

दसऱ्याला सकाळी गाडी ढकलून मोकळ्या जागेत आणली. झेंडूचा हार, हळदीकुंकू, नारळ. पुढच्या दोन्ही चाकांपुढे एकेक लिंबू. चेअरमन, सेक्रेटरी आणि सुट्टी असल्यामुळे निम्मी सोसायटी जमली होती. बाबा इस्त्रीचा सदरा घालून स्टिअरिंगवर बसले, आई शेजारी ताट मांडीवर घेऊन. मी पुढे उभी राहून मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. बाबांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी डौलात मागे गेली.

"उतार हाय," बाबा म्हणाले.

आमच्या पार्किंगला उतार नाही. बाबांनी दुसरा टाकला. गाडी जास्त वेगानं मागे गेली आणि सेक्रेटरी कुंडीवर चढले. बाबांनी करकचून ब्रेक लावला. आईच्या ताटातली सुपारी घरंगळत सीटखाली गेली.

"काका, पुढे घ्यायचीय," चेअरमन समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. समोर दोन्ही लिंबं जशीच्या तशी होती.

मी खाली वाकून बघितलं. वर आलेलं ते झाकण माझ्याकडे बघत होतं. एका क्षणात मला सगळं कळलं. बैठका वर येतील असा बसवताना ॲक्सल उलथा झाला होता. उलथ्या ॲक्सलची चाकं उलटी फिरतात.

"बाबा, तुम्ही बैठका खालच्या बाजूला वेल्ड केल्या!"

"तुझ्या कागदावर तशाच हैत!"

कागद गाडीच्या खणातच होता. तो बॉनेटवर पसरून आम्ही दोघं भांडायला लागलो. एकाच वस्तूचं चित्र कागदावर मांडायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत वरून दिसणारं चित्र कागदावर वर काढतात, दुसरीत खाली. मी काढते ती परदेशी गिऱ्हाइकांची रीत, वरचं वर. बाबा जन्मभर वाचत आले ती इथली रीत, वरचं खाली. म्हणजे मी वरून बघून काढलं होतं आणि बाबांनी ते खालून बघितलं होतं.

"वर काढलंय म्हणजे वरून दिसतंय! लहान पोराला कळेल!"

"वर काढलंय म्हणजे खालून दिसतंय! मला शिकवायलीस का? कोणती रीत त्याचं चिन्ह कुठाय कोपऱ्यात? चिन्ह कुठाय?"

"घरातल्या घरात कोण चिन्ह टाकतं, बाबा?"

चेअरमननी घड्याळ बघितलं. ते हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यांना आमच्या वादाचा काही अर्थ लागत नव्हता. "म्हणजे गाडी पुढे जातच नाही, असं का?" त्यांनी विचारलं.

बाबा बोटांवर गिअर मोजायला लागले. चारही गिअर मागे. आणि जो एक गिअर आता पुढे नेऊ शकला असता तो रिव्हर्स, जो आम्ही स्वस्तात पडतो म्हणून बंद पडलेला घेतला होता. बाबांनी कागदाची घडी घातली, खणात ठेवली, खण लावला. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा ती बाल्कनी आली. मी इतकी रडवेली झाले की मोबाइल बंद करायचंही राहिलं. त्या शूटिंगमध्ये पुढे बराच वेळ नुसत्या माझ्या चपला दिसतात.

त्या चपलांच्या बाजूनं आईचे पाय येतात. ती गाडीतून उतरली, पदर खोचला, पुढच्या चाकांपुढची दोन्ही लिंबं उचलली आणि मागच्या चाकांच्या मागे नेऊन ठेवली. मग परत गाडीत येऊन बसली आणि दार आपटलं.

"चला आता. पुरण शिजायला टाकून आलेय मी."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग पहिला गिअर टाकला. दोन्ही लिंबं फटकन फुटली आणि टाळ्या पडल्या.

आमच्या बिल्डिंगला इतकी भव्य प्रदक्षिणा कुणी घातली नसेल. बाबा खिडकीतून अर्धे बाहेर येऊन मान मागे वळवून चालवत होते. त्यांच्या त्या मानेला डॉक्टरांनी पट्टा दिलेला आहे. मी गाडीच्या मागे, म्हणजे पुढे, हात हलवत पळत होते. वॉचमन मामा शिट्टी फुंकत माझ्या पुढे पळत होते आणि मधेच थांबून ओरडत होते, "येऊ द्या, येऊ द्या, आजून जागा हाय!" ते सवयीनं गाडी पार्क करून घेत होते. एकटी आई काय ती समोर तोंड करून बसली होती, त्यामुळे तिला सगळे उशिरा दिसत होते. लोक मागे पडले की ती त्यांना नमस्कार करायची. क्लबहाउसच्या वळणावर बाबांनी तिसरा टाकला. गरज नव्हती. मी किंचाळले आणि बाकड्यावर उडी मारली, आणि माझ्याजवळून जाताना मी बाबांना मोठ्यानं हसताना बघितलं.

गाडी कोपऱ्यातल्या जागेत एका दमात शिरली. मागेच जायचं होतं, त्यामुळे पार्किंगला काही त्रास झाला नाही.

"पण काका, गाडी उलटी चालली," चेअरमन म्हणाले.

"नोटिशीत दिशा लिहिलीय का?"

चेअरमननी मोबाइलमध्ये नोटीस काढून वाचली. पुन्हा वाचली. मग म्हणाले, "ठीक आहे, राहू द्या," आणि सोनं वाटायला निघून गेले. बाबांनी खिशातून पिवळी रीळ काढली आणि काचेवर एक स्टिकर लावलं. हातानं दाबून दाबून बसवलं. मला म्हणाले, "गुरुवारी खोलू. आणि आता चिन्ह टाक."

दिवाळीपर्यंत ॲक्सल सरळ झाला. गाडी पुढे जायला लागली, पहिल्यांदा गेली तेव्हा आम्हालाच विचित्र वाटलं. आरटीओचा शिक्काही मिळाला. बाबा आईला पिंपरीला तिच्या बहिणीकडे घेऊन गेले आणि न ढकलता परत आले. घरात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी विचारलं, "अगं, हिरवी रीळ कुठंय?"

"मला काय ठावं? तुमीच कुठंतरी टाकली असंल," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी तेव्हा चटणीसाठी शेंगदाण्याचा डबा उघडत होते. दाण्यात हात घातला, तर बोटांना काहीतरी गोल लागलं. वर काढलं तर हिरवी रीळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली. मी आईकडे बघितलं. आईनं माझ्या हातातून रीळ घेतली, परत दाण्यांत खोल खुपसली, आणि बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, पण रिव्हर्स राहिलाय न्हवं अजून?"

बाहेर खुर्ची मागे सरकली.

"हां, रिव्हर्स राहिलाय," बाबांचा आवाज आला. त्यात इतका उत्साह होता की मला हसू आवरेना. "गुरुवारी गिअरबॉक्स उतरवू. पोरी, तू ओव्हरटाइम घेऊ नको."

मी झाकण लावून डबा फळीवर होता तिथं ठेवला.