मीटरकाकांची वही

मी स्वभावानंच संशयी. कुलूप लावल्यावर चार वेळा ओढून बघणारा. त्यामुळे गल्लीत दोन चोऱ्या झाल्या आणि सुरक्षा समिती निघाली, तेव्हा सचिवपदाची माळ माझ्याच गळ्यात पडली. आम्ही अकरा कॅमेरे बसवले आणि सगळी गल्ली माझ्या फोनवर आली. टोकाच्या घरात माझी आत्या एकटी राहायची. ती म्हणाली, "बरं झालं बाबा, आता तुला माझ्याकडे यायलाच नको. फोनवरच बघ आत्याला!" मी हसलो. आणि खरं सांगायचं तर जाणं कमी केलंच.

तिसऱ्या आठवड्यात कॅमेऱ्यात एक माणूस सापडला. डोक्यावर टोपी, काखेत पिशवी. रोज सकाळी साडेसहाला यायचा, प्रत्येक फाटकापाशी वाकायचा, टॉर्च मारायचा, वहीत काहीतरी लिहून पुढे सरकायचा. मी त्याचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला आणि "हा कोण?" एवढंच विचारलं. मग काय, सगळ्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला. एकानं त्याला बाजारात घुटमळताना पाहिलं होतं, एकीचा कुत्रा म्हणे त्याच्यावर उगाच भुंकत नव्हता. संध्याकाळपर्यंत तो टोळीचा माणूस ठरला. तक्रारीवर पहिली सही माझी.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला फाटकाशीच धरलं. मी चौकीत गेलो तर टोपी काढून बसलेले मीटरकाका! पाणीखात्यात तीस वर्षं घरोघरचे मीटर वाचलेला माणूस. लहानपणापासून मी त्यांना समोरून बघत आलो होतो, कॅमेऱ्यानं वरून दाखवले तर ओळखूच आले नाहीत. मला हायसं वाटायला हवं होतं, पण टेबलावर त्यांची वही उघडी पडली होती.

चौकीतल्या साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "सात नंबर, कुलूप, तीन दिवस. नऊ नंबर, कुत्रा, बांधलेला. अकरा नंबर, बाई एकट्या."

अकरा नंबर म्हणजे माझी आत्या.

"चोर याहून वेगळं काय लिहील?" साहेब म्हणाले.

"साहेब, मीटर वाचणारा असंच लिहितो. हात वळलाय तसा."

"पण आता मीटर आपोआप आकडा पाठवतात. तुम्ही निवृत्त झालात. मग वाकता कशाला?"

"ते महिन्यातून एकदा पाठवतात," काका म्हणाले. "मी रोज बघतो. एकट्या माणसाच्या घरी कालचाच आकडा आज दिसला, तर आत कुणी तांब्याभर पाणीसुद्धा घेतलेलं नाही. मग मी दार वाजवतो. सहा नंबरचे मास्तर असेच सापडले, न्हाणीघरात पडलेले."

मास्तर वाचल्याचं मलाही ठाऊक होतं. कुणीतरी वेळेवर दार वाजवलं, एवढंच ऐकलं होतं. तरी मन मानेना. एवढं चांगलं कारण मला आधीच तयार ठेवल्यासारखं वाटलं.

"सचिव, तुमचं काय म्हणणं?" साहेबांनी विचारलं.

"माणूस तसा चांगला आहे," मी म्हणालो, "पण नियम म्हणजे नियम."

वही जप्त झाली. या गल्लीत पुन्हा पाय ठेवणार नाही, असं काकांकडून लिहून घेतलं. सही करण्याआधी त्यांनी कागद दोनदा वाचला, तीही मी अपराधाचीच खूण मानली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला ते शहाणपण वाटलं.

पुढे पंधरवडाही गेला नसेल. मंगळवारी आत्यानं फोन उचलला नाही. मी कॅमेरा बघितला. दार बंद, कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. म्हटलं, सगळं ठीक आहे, फोन कुठंतरी ठेवून विसरली असेल. बुधवारीही तेच. गुरुवारी किल्ली घेऊन गेलो, तर ती स्वयंपाकघरात ओट्याखाली पडलेली. कंबरेचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, बुधवारपर्यंत तरी जीव असावा.

दिवसकार्य माझ्याच घरी झालं, तिच्या घराला कुलूप लागलं. मग एका सकाळी, कोणत्या तोंडानं ते माझं मला माहीत, मी मीटरकाकांकडे गेलो. त्यांनी मला आत घेतलं. पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "आकडा बघितलात?"

मी परत गल्लीत आलो. आत्याच्या फाटकाशी वाकलो, मीटरच्या पेटीचं झाकण उचललं, टॉर्च मारून आकडा कागदावर उतरवला. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. ग्रुपवर वरून काढलेला माझाच फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, "अकरा नंबरपाशी हा कोण?"

तो कागद घेऊन मी परत काकांकडे गेलो. त्यांची वही चौकीत पडली होती, पण आत्याचा शेवटचा वाचलेला आकडा त्यांना तोंडपाठ होता. रोज ती किती पाणी वापरायची, तेही. त्यांनी बोटांवर हिशोब केला. दोनदा केला.

"रविवारी रात्री नळ बंद झालाय," ते म्हणाले. "सोमवारी सकाळी जो आकडा, तोच मंगळवारी दिसला असता. मंगळवारी साडेसहाला मी दार वाजवलं असतं."