चोवीस घरांचा एक खड्डा

किस्से कुणी जमवत नाही, ते साठतात. आमच्या सांगलीच्या सोसायटीत चोवीस घरं आहेत आणि मागच्या बाजूला खताचा एक खड्डा. रोज सकाळी सात वाजता ओल्या कचऱ्याचे चोवीस डबे खाली येतात. वैशाखापासून मी तिथे उभा असतो. माणसं शेजाऱ्याला जे सांगत नाहीत, ते डब्यात दिसतं. त्यामुळे किस्से साठायला वेळ लागत नाही.

हे काम मी मागून घेतलेलं नाही. माझी बायको सुनंदा गेल्यानंतर दोन महिने मी फारसा जिना उतरलो नव्हतो. एके दिवशी तळमजल्यावरच्या मगदूम काकूंनी दार वाजवलं. "अण्णा, उद्यापासून सकाळी कचरा बघायला तुम्ही. सगळ्यांनी ठरवलंय."

सगळ्यांनी म्हणजे कुणी, ते मी अजून विचारलेलं नाही.

* * *

खड्ड्याच्या खऱ्या मालकीणबाई म्हणजे सखूबाई. त्या सोसायटीत झाडलोट करतात. माहेर जतकडचं, मेंढपाळाचं. पहिल्या दिवशी मी त्यांना ओल्या आणि सुक्या कचऱ्यातला फरक छापील पत्रक वाचून दाखवून समजावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"झालं वाचून? आता त्यो कागद सुक्यात टाका."

* * *

मगदूम काकूंचं घर जैन. चातुर्मासात त्यांच्याकडे कांदा, बटाटा, लसूण, काही येत नाही. त्यांचा डबा इतका स्वच्छ की सखूबाई तो न बघताच ओततात. श्रावणात एके दिवशी मात्र झाकण उघडल्यावर सखूबाईंचा हात थांबला. दोडक्याच्या सालींखाली कांद्याच्या साली होत्या, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या. काकूंची सून नवीन, इचलकरंजीची.

काकू चार पावलांवर तुळशीला पाणी घालत होत्या. सखूबाईंनी पुडी उचलली आणि शेजारच्या डब्यात उलटी केली. तो माझा डबा होता.

"आवं, तुमी एकटंच," त्या हळूच म्हणाल्या. "तुमास्नी कोण इचारतंय?"

तेवढ्यात काकूंचं लक्ष माझ्या डब्याकडे गेलं. "अण्णा, एकट्या माणसाला एवढा कांदा लागतो?"

मी म्हणालो, "लागतो."

दुसऱ्या दिवशी सुनेने मला वाटीभर शिरा आणून दिला.

* * *

निर्माल्याचा प्रश्न अवघड होता. देवाची फुलं भाजीच्या देठांबरोबर कशी टाकायची? म्हणून खड्ड्याच्या कडेला विटा लावून निर्माल्यासाठी वेगळा कोपरा केला. आठवड्याभरात तिथे जुनी पंचांगं, फुटकी समई आणि दत्ताची काच तडकलेली तसबीर आली.

मी तसबीर हातात घेऊन उभा. ओली म्हणता येईना, सुकी म्हणवेना.

"ठेवा तिथंच," सखूबाई म्हणाल्या. "राखण करंल."

ती अजून तिथेच आहे. त्या कोपऱ्यात प्लॅस्टिक टाकायची मग कुणाची हिंमत झाली नाही.

* * *

आमचे चेअरमन सुभेदार जाधव. साताऱ्याकडचे, मिलिटरीतून निवृत्त. त्यांना पहिल्यापासून खड्ड्याच्या जागी पार्किंग हवं होतं. भाद्रपदात हवा दमट झाली, खड्ड्यात पाणी मुरलं आणि वास सुटला. तिसऱ्या मजल्यापर्यंत खिडक्या बंद झाल्या. सुभेदारांनी मीटिंग घेतली आणि मुदत दिली, दसऱ्यापर्यंत. वास गेला नाही तर खड्डा बुजवायचा.

"पर्सनल काही नाही, अण्णा. लेकिन डिसिप्लिन म्हणजे डिसिप्लिन."

मी मान हलवली. घरी आलो आणि पहिल्यांदाच मनात आलं की खड्डा बुजला तर सकाळी सात वाजता आपण काय करायचं.

* * *

दुसऱ्या दिवशी हे मी सखूबाईंना सांगितलं. म्हणजे वासाचं सांगितलं, बाकीचं नाही. त्यांनी खड्ड्यात काठी घालून बघितली.

"पाणी लय झालंय. वाळकं कायच न्हाई. आमच्याकडं शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेत्यात रानात. आमचा भाऊ हितं कळप घिऊन आला, तर दोन रातीत काम हुईल."

"सोसायटीत मेंढरं?"

"सुभेदारास्नी इचारून बघा की."

मी विचारलं नाही. चार दिवसांनी त्यांचा भाऊ वाळक्या लेंड्यांची दोन पोती घेऊन आला. इस्लामपूरच्या माझ्या मित्राने उसाचं पाचट पाठवलं. सखूबाई थर देत होत्या, मी पाचट पसरत होतो. सुनंदा असती तर म्हणाली असती, घरात कधी केर काढला नाहीत.

* * *

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे खड्ड्याभोवती जमले. सखूबाईंनी खालचं फावडंभर काढून फरशीवर ओतलं. काळं, भुसभुशीत. सुभेदार वाकले, हुंगलं, सरळ झाले. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"मी सांगून उपयोग नाही," ते म्हणाले. "माझं नाक एका पार्टीचं, अण्णांचं दुसऱ्या पार्टीचं. न्यूट्रल नाक पाहिजे."

त्यांनी वर बघून बायकोला हाक मारली. जाधव वहिनी सोसायटीच्या मीटिंगला कधी येत नाहीत. हात पुसत खाली आल्या. त्यांना काय करायचं ते सांगितलं. त्या खाली बसल्या, मूठभर खत उचललं, नाकाशी धरलं.

"काय? येतोय वास?" सुभेदारांनी विचारलं.

"येतोय की."

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं.

"कसला?"

"आमच्या माहेरच्या घरामागच्या परड्याचा."

सुभेदार गोंधळले. "अगं, म्हणजे येतोय का नाही? यस ऑर नो?"

वहिनींनी पदराचं टोक पसरलं, सखूबाईंनी त्यात आणखी दोन ओंजळी घातल्या, आणि वहिनी पदर सांभाळत जिना चढून गेल्या.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे असतं. मी लिहिलं, "वास येतो. सबब खड्डा आहे तसाच ठेवावा."

सुभेदारांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.