कमानीखालची फरशी

धाराशिवच्या त्या दगडी इमारतीत आता बँक नाही. निजामाच्या अमलात होती, तेव्हा मी तिथं कारकून होतो. उंच कमानी, खांबांवरची कोरीव कमळं, गुळगुळीत काळसर फरशी. आमचा हेडक्लार्क येणाऱ्या प्रत्येक साहेबाला ते सगळं छडीनं दाखवत फिरायचा, जणू दगड त्यानंच घडवले होते. शेतकऱ्यांना मात्र तो पायऱ्यांखालीच उभं करायचा. "शहाबादी फरशी हाय ही, सारवलेली भुई न्हाय," असं एकेक शब्द चघळत म्हणायचा.

एका दुपारी गारा पडायला लागल्या. तेर गावाहून बाजाराला आलेली एक पोटुशी बाई आसऱ्याला पायऱ्या चढून आली, तर ह्यानं छडी आडवी धरली.

"चिखलाचे पाय घेऊन कुठं निघालीस?"

मी छडी बाजूला सारली आणि तिला कमानीखाली घेतलं. गारेनं तिचं कपाळ फुटलं होतं. तरी ती ओशाळून खाली बसली आणि ओल्या पदरानं आपल्याच पावलांचे डाग पुसू लागली.

"राहू द्या बाई," मी म्हणालो.

हेडक्लार्क वाकून फरशी न्याहाळत होता. त्यानं कोपऱ्याकडं बोट केलं.

"तिथलं राहिलंय," तो तिला म्हणाला.