बसून प्यायचं पाणी

भांडता भांडता आमची खाला मध्येच खाली बसायची. कुठेही. एकदा बोर्ली पंचतनच्या बाजारात मासळीच्या भावावरून तिची एका कोळणीशी चांगलीच जुंपली आणि आवाज टिपेला पोचला तशी ती रस्त्यातच बसकण मारून गप्प झाली. कोळणीला वाटलं, म्हातारीला चक्कर आली. बिचारी टोपली सोडून धावली, कुठून तरी लिंबू-सोडा आणला, वर चार बांगडे फुकट घातले. खाला निमूट सोडा प्यायली आणि बांगडे घेऊन उठली. "राग आला का उभ्यानं बसावं, बसल्यानं आडवं व्हावं. आमच्या अब्बांनी शिकवलंय," ती मला वाटेत म्हणाली, "पन बाजारात आडवी कशी होऊ, सांग!"

नात्यानं ती माझी कुणी नव्हती. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा शेजारच्या घरात ती एकटीच राहायची, मुलगा कतारला. सगळी आळी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून मीही. पुढे माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. नवरा नोकरीपायी मुंबईत, मी इथे शाळेत शिकवायची. शाळेतून घरी येताना आपलं डोकं एक दिवस फिरणार, अशी मला खरोखर भीती वाटायची.

तशीच एकदा तिच्या पडवीत शिरले आणि उभ्या उभ्या तांब्या तोंडाला लावला. तिने तो हातातून काढूनच घेतला. "घोडं हायस काय? बस आधी." बसले. "मी बिस्मिल्ला म्हनते, तू तुझ्या देवाचं नाव घे. तीन दमांत पी. एक घोट उतरू दे, मंग दुसरा." मी घरचं रडगाणं सुरू करायला तोंड उघडलं तर डोळे वटारले. "पानी पितेस का गोष्टी पितेस?" त्यांच्याकडची ही साधी रीत, पण खालाच्या पडवीत तो कायदाच होता. शेवटच्या घोटाला मला माठातल्या वाळ्याचा वास आला. कित्येक महिन्यांत मला कशाचा वास म्हणून आला नव्हता. मग घरी जाण्याआधी तिथे टेकायचं, हा नेमच झाला. सासूबाई गेल्या तोवर मी धड राहिले, ती त्या पाण्यावर.

मोबाइलवर मी एक अॅप घेतलं होतं, श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवणारं. खालाला ऐकवलं. "ही बाय लय हळू बोलते, बरं हाय ना तिला?" म्हणाली आणि बघता बघता घोरायला लागली. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी दुपारी हाक ठरलेली, "ती निजवनारी बाय लाव गो!"

संतबिंत ती मुळीच नव्हती. आळीतल्या प्रत्येक सुनेची कुंडली तिला पाठ. आणि कतारचा फोन लांबला की तिचे सगळे उपाय धाब्यावर. पडवीत नुसत्या येरझारा. मी म्हणायची, "बस ना, खाला." "पोरापायी न्हाय जमत, बाय," ती म्हणायची.

शेवटी त्या पोरानेच तिला तिकडे नेलं. गुडघे गेले होते, एकटी ठेवणार कशी? "ईदला येते," रिक्षात बसताना म्हणाली. ती ईद गेली, पुढचीही गेली. व्हिडिओ कॉलवर मात्र पहिलं वाक्य हेच, "माझं दार दाखव." मी फोन घेऊन तिच्या पायरीवर जायची. "कुलपाला गंज चढला बघ. खारं वारं हाय, तेल घाल. आल्यावर चावी न्हाय फिरली तर भायेर बसू काय?" मी खोबरेल घालायची.

गेल्या रमजानमध्ये ती तिकडेच गेली. तिकडेच दफन केलं. मुलाचा फोन आला. "वहिनी, आता घर विकून टाकतो," म्हणाला. बरोबरच आहे त्याचं. मला मात्र ती हवी आहे, अजून हवी आहे, आणि हे कुणाला सांगावं ते कळत नाही.

काल सकाळी पाहिलं, कुलूप पुन्हा गंजू लागलं होतं. घर घेणारा आला की ते काढून फेकणार, हे मला समजतं. तरी मी खोबरेलाची बाटली आणली आणि थेंब थेंब आत सोडलं, दारात आल्यावर तिचा खोळंबा होऊ नये म्हणून.