कोरियामामा आणि वाक्याची शेपटी

आमचा कोरियामामा हिब्रूवर कायम रागावलेला असे. "ही कसली भाषा?" तो म्हणे, "पंतप्रधानाला पण 'अता' आणि रस्त्यावरच्या बोक्याला पण 'अता'! तू नाय, तुम्ही नाय, आपण नाय. माणसानं माणसाला मान द्यायचा तो कशातून?" १९६२ साली इस्राएलमधल्या लोदला, कोकणातून आलेल्या आम्हा यहुद्यांच्या वस्तीत असं मोठ्यानं बोलणारा तो एकटाच. बाकीचे आम्ही चुकतमाकत हिब्रू बोलून या देशाचे व्हायच्या घाईत होतो. मामाला घाई नव्हती.

तो माझ्या आईचा मावसभाऊ, मूळचा अलिबागकडचा. मुंबईत हिंदी लष्करात भरती झाला, जखमींची मलमपट्टी करायला शिकला आणि लढाईच्या दिवसांत त्याच्या तुकडीबरोबर थेट कोरियात, तैगू नावाच्या शहरात जाऊन पोचला. तिथल्या इस्पितळाची धुणी धुणाऱ्या एका म्हातारीनं त्याला कोरियन शिकवली. इस्राएलला आल्यावर त्याच्या मलमपट्टीच्या ज्ञानाला कोणी विचारलं नाही. विमानतळावर प्रवाशांच्या सामानाचा हातगाडा ढकलायचं काम मिळालं. लोदच्या भर उन्हाळ्यातही तो शर्टाचं गळ्यापाशी बटण लावूनच कामावर जाई. "गाडा ढकलतो म्हणून गळा कशाला उघडा टाकू?" असं त्याचं म्हणणं.

संध्याकाळी हिब्रूचा सरकारी वर्ग सुटला की मामाचा वर्ग आमच्या स्वयंपाकघरात भरे. पहिल्या दिवशी आम्ही पाच मुली होतो, महिन्यानं मी एकटी उरले. तेही खरं सांगायचं तर मला त्याच्या बोलण्याची मजा वाटे म्हणून. आई वैतागायची, "अरे, त्या कोरियनचा पोरीला उपेग काय?" मामा म्हणायचा, "हिब्रू पोटासाठी, मराठी घरासाठी, नि कोरियन कान उघडायसाठी."

त्यानं खोक्याच्या पुठ्ठ्यावर चार पायऱ्यांचा जिना काढला होता आणि प्रत्येक पायरीवर 'ये' म्हणायचा वेगळा कोरियन शब्द लिहिला होता. तळाची पायरी 'वा', पोराटोरांना. सगळ्यांत वर 'ओशिप्शिओ', म्हणजे आपलं 'यावं', ते इस्पितळातले डॉक्टर मोठ्या माणसांना म्हणत. त्याखाली 'ओइसो', ते म्हातारी सगळ्या भल्या माणसांना म्हणे. आणि मधेच एक विचित्र पायरी होती, 'ओगे'. ती म्हातारी आपल्या जावयाला म्हणायची. वयानं लहान म्हणून 'ओइसो' नाही, पण लेक दिलेला माणूस म्हणून 'वा'ही नाही. "ओगे मी अजून कोनाला बोललोच नाय," मामा म्हणे. त्याला मूलबाळ नव्हतं.

धडा मात्र एकच होता आणि तो त्यानं मला शंभरदा घोकायला लावला. कोरियनमध्ये क्रियापद शेवटी येतं आणि तुम्ही समोरच्याला कुठल्या पायरीवर उभं केलंत ते त्या क्रियापदाच्या शेपटीत कळतं. "वाक्याचं तोंड कितीपन गोड असूंदे," तो म्हणायचा, "शेपटी बघायची. तिथं माणूस सापडतो." हिब्रूत माणूस सापडत नाही, हा त्याचा खरा राग. कारकून तुच्छतेनं बोलला तरी शब्द तेच, प्रेमानं बोलला तरी तेच. मग तक्रार करायची कशाच्या जोरावर?

पुढच्या वर्षी शेतीचं शिक्षण घ्यायला आलेले काही कोरियन तरुण आमच्या विमानतळावर उतरले. मी तेव्हा तिथल्या कॅन्टीनमध्ये कामाला होते. मामानं गाडा सोडला, बटण चाचपलं, पुढे होऊन कमरेत वाकला आणि म्हणाला, "ओसो ओइसो!" या, या. ते सगळे खो खो हसत सुटले. एकजण मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही आमच्या दक्षिणेकडच्या बाजारातल्या म्हातारीसारखे बोलता!" मामाचा मुकादम हसला, कॅन्टीनमधल्या मुली हसल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दहा वर्षं ज्या भाषेचा तोरा मिरवला, ती धुणेवालीची गावठी बोली निघाली!

मामाच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. "हसूंदे," तो मला मराठीत म्हणाला. "म्हातारी गावठी होती, म्हनून तिची भाषा गावठी. पन ती नकली नाय. आपलं मराठी ऐकून पुन्यावाले नाय हसत? म्हनून काय आपन मुकं राहायचं?" तेवढ्यात त्या घोळक्यातला सगळ्यांत मागचा, काटकुळा तरुण परत फिरला. त्यानं हातातली पेटी खाली ठेवली, मामापेक्षाही खाली वाकला आणि त्याच 'इसो'च्या शेपटीनं काहीतरी भराभर बोलला. मामाचे डोळे भरून आले. "तैगूकडचा हाय," एवढंच म्हणून तो गाडा घेऊन चालू लागला.

त्याच सुमाराला माझं आणि दोवचं जमलं. दोव रोमानियाहून आलेल्या कुटुंबातला, गाड्या दुरुस्त करणारा, मनानं सरळ. अडचण लग्न नोंदवायच्या कचेरीत होती. त्या दिवसांत आमच्यातल्या मुलामुलीचं लग्न दुसऱ्या देशाहून आलेल्या यहुद्याशी ठरलं, की आमच्या आज्या-पणज्यांची चौकशी सुरू होई. आमच्याबद्दल शंका होती म्हणे. आई, मी आणि मामा असे तिघे तिथं गेलो. कारकुनानं मान वर न करता मला म्हटलं, "बोई." ये. मग आजीच्या आजीचं नाव विचारलं आणि एक कागद सरकवला. सुरुवात गोडच होती. नवरानवरीच्या सोयीसाठी, पुढच्या पिढीच्या भल्यासाठी, शुद्धीची डुबकी घ्यायला माझी हरकत नाही. मी पेन उचललं. लग्न व्हायला हवं होतं मला, दुसरं काही सुचत नव्हतं.

मामा कानाशी म्हणाला, "शेपटी वाच."

शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'कारण माझ्या घराण्याच्या यहुदीपणाची खात्री देता येत नाही.' मी पेन खाली ठेवलं. मामा मोडक्या हिब्रूत कारकुनाला म्हणाला, "पिढ्यानुपिढ्या आम्ही दर शनिवारी शब्बाथ पाळला, तेलाचा घाणा बंद ठेवला. गावानं आमचं नावच शनिवारतेली पाडलं. ते काय हौस म्हणून?" मग कमरेत वाकून त्यानं सगळ्यांत वरच्या पायरीवरून कोरियनमध्ये त्याचा निरोप घेतला, "आन्न्यंगी केशिप्शिओ." आपण सुखरूप असावं. कारकुनाला वाटलं शिवी दिली. तो उठूनच उभा राहिला. मामा बाहेर येऊन म्हणाला, "बघ, उठला की नाय मान द्यायला?"

दोवला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कागदच आहे नुसता. सही करून टाक, माझी आईपण तेच म्हणते." हे कळल्यापासून दोव दारात आला की मामा त्याला "वा!" म्हणू लागला. आमच्या कोंबड्यांना तो तेच म्हणे. दोवला वाटे हे काही खास स्वागत आहे, तोही हसून "वा!" म्हणे. मला हसू येई आणि रडूही येई. लग्न लांबत चाललं होतं. हिवाळ्यात एकदा मी कंटाळून म्हटलं, "मामा, मी सही करते आता." मामा रागावला नाही. "कर," तो म्हणाला. "पन ती सही तुझी एकटीची नाय. तुझी आजी, तिची आई, सगळ्या त्या कागदाखाली अंगठा देतील. मेल्या बिचाऱ्या, त्यांना 'नाय' बोलता येत नाय. तुला येतं." मी तेव्हा त्याच्यावर खूप चिडले. सही मात्र केली नाही, ती आजतागायत केलेली नाही.

१९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं येरुहामहून, अश्केलोनहून, लोदहून येरुशलेमला गेली आणि त्या चौकशीच्या नियमाविरुद्ध उघड्यावर ठाण मांडून बसली. तो नियम पुढे बदलला आणि आमचं लग्न सहीशिवाय झालं. मामा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्याचा पुठ्ठा माझ्या कपाटात आहे. माझ्या नातवंडांना तो कुठल्याशा खेळाचा पट वाटतो. मी त्यांना मराठीत हाक मारते, ती हिब्रूत ओ देतात, आणि मी मामासारखीच रागावते.

त्या ठाणातला एक दिवस मात्र मी विसरणार नाही. मामा गोणपाटावर बसला होता, बटण गळ्यापाशी लावलेलं. मुकादमानं नोकरी जाईल म्हणून धमकावलं होतं. मामानं त्याला विचारलं होतं, "गाडा पळून जाणार आहे का?" दुपारी गर्दीतून दोव येताना दिसला. कामावरून तसाच बसमध्ये चढला होता, हात तेलानं काळे. आईला सांगितलं नाही, म्हणाला. मग म्हणाला, "मी तो कागद वाचला. शेवटपर्यंत." आणि मामासमोर अवघडून उभा राहिला.

मामा बाजूला सरकला, गोणपाटावरची धूळ हातानं झाडली आणि म्हणाला, "ओगे."

"काय म्हणाले?" दोवनं मला विचारलं. मी हिब्रूत शब्द शोधला. सापडला नाही.

"जागा केलीय तुला," मी म्हणाले. "बस."